गुंजीच्या पोटातलं पाणी

परभणी,
६ जानेवारी २०२५

ती. आश्रुबा मामांस,
सा. नमस्कार.

गुंजी गाईच्या पोटातल्या पाण्यात आज दुपारी एकही जिवंत जीव सापडला नाही. मी तीन थेंब पाहिले. मग आमच्या पशुवैद्यकीय कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या मोहिनी मॅडमनी नवीन काचपट्ट्यांवर आणखी तीन थेंब घेतले आणि त्यांनीही तेच सांगितलं.

जीवन डॉक्टरांनी सकाळी नळी घालून काढलेलं पाणी रामेश्वरच्या टेम्पोतून साडेबाराला इथे पोचलं. तो किराणा भरायला बाजारात जाण्याआधी थर्मास माझ्या हातात देऊन गेला. आधी वाटलं, वाटेत गारठा लागला असेल. पण झाकण काढलं तेव्हा पाणी अंगाइतकं कोमट होतं. थर्मासला मामीच्या चहाचा वास अजून आहे, पण साखर राहिलेली नाही. तेही मी तपासलं.

तुम्ही ज्यांना किडे म्हणता ते किडे नाहीत. एका पेशीचा एक जीव, इतकंच त्यांचं शरीर. गाय कडबा गिळते खरी, पण तो फोडायचं बरंच काम तिच्या पहिल्या मोठ्या पोटातले हे जीव आणि त्यांच्याहून बारीक जंतू करतात. निरोगी गाईच्या एका थेंबात ते हजारोंनी पळताना दिसतात, कळप मोकळा सोडल्यावर मेंढरं पांगतात तसे. ते सगळे मेले की पोट चाऱ्याने भरलेलं असूनही गाय उपाशी राहते. गुंजीला आठवा महिना सरत आलाय, म्हणून मला घाई वाटते.

शुक्रवारी आणि शनिवारी तिने काय काय खाल्लं ते आठवून लिहा. तुम्ही नव्हता तेव्हाचं मामीला विचारून लिहा. मेलेल्या जीवांची शरीरं अजून शाबूत आहेत. ती मी उद्या रंगवून त्यांच्या आत काय आहे ते पाहणार आहे.

फोनवर मी ओरडते आणि तुम्ही "बरं बरं" म्हणता. त्यापेक्षा कागद बरा. ही चिठ्ठी थर्मासच्या कडीला बांधून पाठवते.

तुमची भाची,
सुकन्या

•

७ जानेवारी २०२५

चि. सुकन्यास आश्रुबामामाचे आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी पोचली. गुंजी आज सकाळी उठली, पण खायला तोंड घातलं नाही. डोळे खोल गेलेत. शेण पातळ आहे आणि त्याला ताकासारखा आंबट वास येतो. चार दिवस झाले, रवंथ नाही.

तू विचारलंस काय खाल्लं. मी गुरुवारी गेवराईला शेळ्या बघायला गेलतो, शनिवारी सकाळी आलो. तुझी मामी सांगते, रोजचा कडबा आणि पाणी, दुसरं काही नाही. मग उरतो तो सिदू.

आपल्या बांधाला लागून सिदूचा हरभरा आहे, तुला माहीत आहे. शुक्रवारी त्याने अळीसाठी औषध फवारलं. शनिवारी मी आलो तर गुंजीचं दावं सुटलेलं आणि सिदूच्या बांधावर तिचे खूर उमटलेले. आमच्या घरात कोणी दावं सैल बांधत नाही. मी तिथूनच त्याला हाक मारली. तो म्हणाला, "मी फवारणार हाय हे गुरुवारीच वस्तीवर सांगून गेलतो. भामावैनी व्हत्या की घरी, त्यांला इचार."

मी म्हणलो, "सांगून इख घातलं तर ते इख न्हाई व्हय बे?"

मग तो जे बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण तोंडावरून कळलं. रविवारी मी पारावर चारचौघांत सांगितलं, की माझ्या गाभण गाईला सिदूने विष खाऊ घातलं. त्यानंतर तो माझ्या सावलीला उभा राहत नाही.

काल जीवन डॉक्टर आले होते. खायचा सोडा पाण्यातून दिला. म्हणाले, सोड्याने आंबटपणा मोडेल, पण पोट परत चालू करायचं तर निरोगी जनावराच्या पोटातलं ताजं पाणी हिच्या पोटात घालावं लागेल. आता तू सांग, निरोगी जनावर आणू कुठून. वस्तीवरचे सगळे बैल गाडीला जुंपून ऊसतोडीला गेलेत. घरच्या कडब्यावर असलेला एकच बैल शिवारात आहे, तो सिदूचा पाखऱ्या. त्याच्या दारात मी जाणार नाही. आडसला, केजला कुठे मिळतो का ते बघायला निरोप धाडलाय.

तू एक कर. विष निघालं असा कागद, कॉलेजचा शिक्का मारून पाठव. बाकीचं मी बघतो.

मामा

•

परभणी,
८ जानेवारी २०२५

ती. मामांस,
सा. नमस्कार.

शिक्क्याचा कागद मी पाठवू शकत नाही. जे सापडलं ते विषाकडे बोट दाखवत नाही. काय केलं ते सगळं लिहिते, म्हणजे तुम्हाला स्वतः ठरवता येईल.

हे जीव काचेसारखे असतात, नुसते पाहिले तर आतलं नीट दिसत नाही. म्हणून रंग वापरतो. मी त्याच पाण्याचे दोन भाग केले. एका भागात मिथिल ग्रीन नावाचा हिरवा रंग घातला. तो पेशीच्या केंद्रकाला धरतो. केंद्रक म्हणजे तिचा मुकादम, सगळ्या कामाचे हुकूम तिथून सुटतात. केंद्रक कुठे आहे ते कळलं, की बाकी जे दिसतं ते केंद्रक नव्हे एवढं पक्कं होतं. दुसऱ्या भागात आयोडीनचा थेंब घातला. शाळेत बटाट्याच्या फोडीवर आयोडीन टाकून दाखवतात ते आठवा, पिठाला लागलं की काळंनिळं होतं.

मामा, ज्यांची शरीरं शाबूत होती ती जवळजवळ सगळी काळी पडली. आत गच्च पिठाचे कण, एकावर एक. पुष्कळ जीव तर फुटलेले होते आणि त्यांच्याभोवती ते कण सांडलेले होते. सुगीत तोंडाशी उसवलेलं पोतं दिसतं तसं. कडब्यावरच्या गाईत मी आजवर असं पाहिलेलं नाही. त्यांच्या पोटात काडीचे तुकडे असतात आणि मध्ये एखादा काळा ठिपका. हरभऱ्याचा पाला पोटात जाऊन ते मेले असते तर हिरवे तुकडे दिसायला हवे होते. एकही दिसला नाही. पाण्याला कागदाची पट्टी लावली तर ते दह्याच्या जवळ जाईल इतकं आंबट निघालं.

गुंजीने धान्य खाल्लंय. मूठभर नव्हे, घमेल्याने मोजावं इतकं. शिजवलेलं असावं, कारण कच्चा दाणा इतक्या लवकर इतका उतरत नाही. हे मोहिनी मॅडमचं मत आहे आणि मला ते पटतं. फवारणीच्या औषधाची वेगळी तपासणी मॅडमनी लावली आहे, तिचा निकाल पुढच्या आठवड्यात येईल. पण त्यासाठी थांबू नका.

आडस आणि केज सोडा. पाखऱ्या शंभर पावलांवर आहे. हे पाणी जितकं ताजं आणि जितकं गरम, तितके त्यातले जीव जगतात. सिदूमामांकडे आजच जा.

सोबत एक कागदाचा सूक्ष्मदर्शक पाठवते. घडी उलगडली की पुस्तकाच्या खुणेएवढा होतो. काचपट्टी मधल्या खाचेत सरकवायची, भिंग डोळ्याला अगदी टेकवायचं आणि उजेडाकडे तोंड करायचं, सूर्याकडे नव्हे. आयोडीन वेगळं पाठवत नाही. जखमेवर लावायचं तपकिरी औषध तुमच्या कोनाड्यात आहे, त्याचाच थेंब चालेल.

सुकन्या

•

९ जानेवारी २०२५, सकाळ

चि. सुकन्यास भामामामीचा आशीर्वाद.

तुझी कालची चिठ्ठी रामेश्वरनं माझ्या हातात दिली. मामा शेळ्यामागं गेलते. बचतगटात सही करता करता मी वाचायला शिकले ते तुला ठावं हाय. मी ती वाचली. मामाला अजून दिली न्हाई. पदराला बांधून ठेवली हाय.

तू एवढं बारीक बघत असशील असं मला वाटलं न्हवतं. किड्याच्या पोटातलं पीठ सुदिक दिसतं म्हंजी मग लपवायचं कुठं.

ऐक. आपली सून दीपमाला प्रवीणसंगं कोल्हापूरकडं तोडीला गेली ते दिवाळीनंतर. तिला आता सहावा सरतोय. सातव्यात तिचं डोहाळजेवण मी करणार व्हते. हिरवी साडी सुदिक घेऊन ठेवली हाय पेटीत. ती तिथं पाचटात बसून भाकर खाती आन मी हितं साडीची घडी बघती. फोनवर म्हणली, आत्या, मला काय बी नको, मला फकस्त झोप पायजे.

शुक्रवारी मामा गेवराईला. मंजुळाबाई दळणाला आली ती म्हणली, सून न्हाई तर न्हाई, गुंजी हाय की, तिचा बी आठवा सरत आलाय, तिचं कर. लोक करत्यात गाईचं. मला ते लई पटलं. अकरा जणी आल्या. ज्यांच्या सुना तोडीला गेल्यात त्याच सगळ्या, म्हाताऱ्या. प्रत्येकीनं ताट आणलं. पुरणपोळ्या, गव्हाची खीर, भाताचं घमेलं. मी ज्वारीच्या घुगऱ्या शिजवल्या व्हत्या, गूळ घालून. शिंगाला हिरवा खण बांधला. गाणी म्हणली. मंजुळाबाई म्हणली, आता हिनं नाव घेतल्याबिगर घास द्यायचा न्हाई. गुंजी हंबरली, तशी समद्या म्हणल्या, घेतलं गं बाई नाव. लई दिसांनी वस्तीवर हसू झालं.

तिनं समदं खाल्लं. आमी भरवत गेलो आन ती खात गेली. नको कोण म्हणंल. दावं मीच सोडलं व्हतं तिला अंगणात आणायला. परत बांधताना हात खरकटे, सैल राह्यलं आसंल.

आता मामा सिदूला काय काय बोलले ते तुला लिवलंच आसंल. मी तवाच सांगायला पायजे व्हतं. पहिल्या दिवशी वाटलं, उतरंल आपोआप. दुसऱ्या दिवशी मामा पारावर बोलून आले, मग तोंडच उघडंना. आता एवढ्या बाया त्यात हायत, एक बी बोलली न्हाई. समद्या माझ्या तोंडाकडं बघत्यात.

तू दुसरी चिठ्ठी लिव. नुसतं पोट बिघडलं म्हण, धान्याचं लिवू नको. मी सिदूच्या दारात जाईन, बैलाचं पाणी मागीन, हवं तर पाया पडंन. पण मामाला हे कळू देऊ नको.

तुझी मामी

•

परभणी,
९ जानेवारी २०२५, दुपार

ती. मामीस,
सा. नमस्कार.

रामेश्वर गाडीत बसून वाट बघतोय, म्हणून थोडक्यात लिहिते.

दुसरी चिठ्ठी मी लिहिणार नाही. पहिलीत जे लिहिलंय ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि उद्या मी ते बदललं तर परवा माझ्या कुठल्याच कागदाला अर्थ राहणार नाही. पण त्या चिठ्ठीत धान्य लिहिलंय, धान्य कोणी दिलं ते नाही. ते मी कोणालाही सांगणार नाही, मामांनाही नाही. ते तुमचं आहे.

मात्र चिठ्ठी आज संध्याकाळी मामांच्या हातात पडू द्या. गुंजीकडे दिवस कमी आहेत, आणि सिदूमामांकडे तुम्ही एकट्या गेलात तर बैल मिळेल, पण त्यांच्यावरचा आळ जाणार नाही. उद्या संध्याकाळपर्यंत निरोप आला नाही, तर परवा सकाळच्या गाडीने मी स्वतः येते.

आणखी एक गोष्ट मी कालच्या पत्रात लिहिली नाही, कारण ती मामांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हती. गाईच्या पोटात अचानक खूप धान्य पडलं, की हे जीव ते आधी स्वतः गिळून घेतात. त्यांच्या पोटात गेलेलं पीठ लगेच आंबत नाही, म्हणून गाईला थोडा वेळ मिळतो. ते गिळत राहतात, अगदी फुटेपर्यंत. मी काचेखाली जे पाहिलं ते हेच होतं. गुंजी शनिवारीच आडवी पडली नाही, याचं बरंच श्रेय त्यांना आहे.

अकरा ताटं कोणीही वाईटासाठी आणली नव्हती. हे मला कळतं, आणि मामांनाही कळेल.

सुकन्या

•

१४ जानेवारी २०२५, संक्रांत

चि. सुकन्यास आश्रुबामामाचे आशीर्वाद.

गुंजीने काल दुपारी रवंथ केला. मी पाहिला, भामाने पाहिला, आणि तिसरा साक्षीदार सिदू. तो म्हणतो, अठ्ठावीस वेळा जबडा हलवला मग घास गिळला. त्याने मोजलं, मी नाही. निरोप शुक्रवारीच रामेश्वरकडे दिला होता, आता सगळं सविस्तर लिहितो.

गुरुवारी संध्याकाळी भामाने तुझी चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि समोर उभी राहिली. मी वाचली. वर पाहिलं तर ती काहीतरी बोलत होती. मला ऐकू येईना. मी म्हणलो, मोठ्याने बोल. ती थोडं मोठ्याने बोलली. मी परत म्हणलो, मोठ्याने. मग तिने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि जे काही होतं ते अंगणात उभं राहून ओरडून सांगितलं. डोहाळजेवण, अकरा ताटं, घुगऱ्या, सैल दावं, सगळं. मला नीट ऐकू आलं. मंजुळाबाईलाही आलं, ती घरात गेली आणि दार लावून घेतलं.

मी रागावलो का, असं तू विचारशील. रागावलो होतो. पण राग कोणावर धरायचा ते कळेना. पारावर बोलायला तोंड माझंच होतं.

दोघं सिदूकडे गेलो. तो बाजेवर बसून होता, उठला नाही. मी तोंड उघडायच्या आत त्याने हात वर केला. "सांगू नको. ऐकलं मी. अख्ख्या शिवारानं ऐकलं."

मी म्हणलो, चुकलो. तो काही बोलला. भामाने माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "त्ये म्हणत्यात, जिथं बोललास तिथं जाऊन बोल. हितं माझ्या बैलाला सांगून काय उपेग." मग मी पारावर गेलो आणि बोललो. माझा आवाज मला ऐकू येत नाही, त्यामुळे किती मोठ्याने बोललो ते माहीत नाही. भामा म्हणते, दिंद्रुडपर्यंत गेलं असेल.

परत आलो तर सिदू पाखऱ्याजवळ उकिडवा बसला होता. पाखऱ्या बसून रवंथ करत होता. जीवन डॉक्टर लसीकरणाला दुसऱ्या गावी होते, नळी त्यांच्याकडे. सिदू म्हणाला, नळी नसताना आपले बाप काय करत होते. त्याने बैलाच्या मानेवर नजर ठेवली. घास खालून वर येताना मानेत दिसतो, उंदीर पळाल्यासारखा. तो तोंडात पोचला की गालाच्या बाजूने, जिथे दात नसतात तिथून हात घालायचा आणि चावायच्या आत घास काढायचा. मला म्हणाला, "तू मुंडकं धर. आन बोटं मोज माझी, आधी बी आन नंतर बी." चौदा घास काढले. कोमट पाण्याच्या बादलीत कालवून, फडक्यातून गाळून, बांबूच्या नळक्याने गुंजीला पाजले. शुक्रवारी जीवन डॉक्टर आले, त्यांनी नळीने पाखऱ्याचं तीन लिटर पाणी काढून गुंजीला घातलं. सिदू कुरकुरला, की एवढं काढल्यावर माझ्या बैलाने काय खायचं. त्याला कडब्याच्या दहा पेंढ्या जास्त टाकल्या.

आता तुझ्या कागदाच्या दुर्बिणीचं. डॉक्टर रोज नळी घालून थोडं पाणी काढून बघतात, त्यातला थेंब मी मागून घेतो. शनिवारी काही दिसलं नाही, माझ्याच पापणीचे केस दिसले. रविवारी तीन जीव दिसले, पण तेवढ्यात सिदूने दुर्बीण ओढली आणि म्हणाला, "हे तर माझ्या बैलाचे हायत." काल सोमवारी मोजता येईनात. मग जखमेच्या औषधाचा थेंब घातला. ते तपकिरी झाले आणि थांबले. आत एखाददुसरा काळा ठिपका, बाकी काडीचे तुकडे. तू लिहिलं होतंस तसंच. मी जे पाहिलं ते पेन्सिलने काढून सोबत पाठवतोय. हसू नको.

पाणी पण पाठवतोय, थर्मासमध्ये. चहाचा वास आता गेलाय, दुसराच येतो. भामा म्हणते, थर्मास तुलाच ठेव.

आज सिदूला तीळगूळ द्यायला गेलो. तो म्हणाला, "घेतो. गोड बी बोलतो. फकस्त गाईला देऊ नको."

भामाने हे सगळं का केलं ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

मामा

•

परभणी,
१६ जानेवारी २०२५

ती. मामांस,
सा. नमस्कार.

फवारणीच्या औषधाचा निकाल आज आला. गुंजीच्या पाण्यात त्यांना ते सापडलं नाही. मोहिनी मॅडमनी सही केलेला कागद सोबत आहे. शिक्काही आहे. तो सिदूमामांना द्या.

तुमच्या थर्मासमध्ये एका थेंबाला साधारण साडेतीनशे जिवंत जीव निघाले. निरोगी गाईत हजारोंनी असतात, म्हणजे अजून वाट आहे. पण ते दुभंगताना दिसताहेत, एकाचे दोन. म्हणजे नुसते पाहुणे म्हणून आलेले नाहीत, संसार मांडलाय. कडबाच द्या. धान्य महिनाभर नको, नंतरही मूठभरच.

चित्रांना हसले नाही. उलट तिसऱ्या चित्रापाशी मी अडले. एका मोठ्या जीवाच्या आत तुम्ही एक लहान जीव काढलाय, त्याचे तोंडाकडचे केससुद्धा. मला वाटलं, दोन जीव एकावर एक आले असतील आणि तुमचा घोटाळा झाला असेल. मॅडम म्हणाल्या, खात्री करून बोल. आमच्याकडे एक मोठा सूक्ष्मदर्शक आहे, तो पेशी न कापता उजेडानेच तिचे थर एकेक करून दाखवतो, कांद्याचे पापुद्रे उलगडावेत तसे. त्याखाली तुमच्याच पाण्यातला तसाच एक जीव सापडला. वरच्या थरात लहान जीव नाही, खालच्या थरात नाही, बरोबर मधल्या थरात आहे. म्हणजे तो गिळलेलाच होता. घोटाळा माझा झाला. तुमचं चित्र मॅडमनी टाचणीने भिंतीवर लावलंय.

आणखी एक. गुंजीचं वासरू जन्माला येईल तेव्हा त्याच्या पोटात यातला एकही जीव नसेल. ते आपोआप उगवत नाहीत. आई चाटते, तिच्या लाळेतून ते वासराकडे जातात. दोनेक आठवड्यांनी ते काडी चघळायला लागलं की त्यांची वस्ती तिथे बसते. म्हणजे पाखऱ्याचे जीव गुंजीकडून पुढे वासराकडे जातील. हे सिदूमामांना सांगू नका, ते वासरावर हक्क सांगतील.

मामीने असं का केलं ते मला माहीत आहे. पण ते मी सांगणार नाही. तुम्ही विचारा. आणि जवळ बसून विचारा, म्हणजे त्यांना ओरडावं लागणार नाही.

सुकन्या

•

३ फेब्रुवारी २०२५

चि. सुकन्यास आश्रुबामामाचे आशीर्वाद.

दीपमाला गुरुवारी घरी येतेय. प्रवीणने काल रात्री फोनवर पक्कं सांगितलं, भामाने दोनदा विचारून खात्री केली. तिकडच्या मुकादमाने आधी आढेवेढे घेतले. मग सिदूचा मेहुणा अंगद त्याच टोळीत आहे, तो म्हणाला, तिच्या वाटणीच्या मोळ्या मी बांधतो. भामा आणि मंजुळाबाई बुधवारच्या गाडीने तिला आणायला जातात. प्रवीण हंगाम संपून पट्टा पडल्यावर येईल.

तू म्हणालीस तसं जवळ बसून विचारलं. भामाने पेटी उघडली आणि हिरवी साडी माझ्या मांडीवर ठेवली. मला कळायला इतके दिवस लागले, हे लिहायला लाज वाटते. कान गेले म्हणून डोळेही बंद ठेवायचे असं काही नव्हतं. त्याच संध्याकाळी मी प्रवीणला फोन लावला. तो काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण मला जे सांगायचं होतं ते मी सांगितलं.

गुंजी आता पूर्ण पेंढी खाते. शेण बांधून पडतं. मी दर दोन दिवसांनी जीवन डॉक्टरांकडून थेंब मागून घेतो, त्यांना आता माझी सवय झाली आहे. सिदूचा कागद त्याने घडी करून टोपीत ठेवलाय. पारावर कोणी काही बोललं की टोपी काढतो.

डोहाळजेवण नऊ तारखेला, रविवारी आहे. अकरा ताटं येणार आहेत, ती दीपमालेसमोर मांडायची. गुंजीला त्या दिवशी मागच्या बाजूला बांधायचं ठरलंय, आणि दावं मी स्वतः बांधणार आहे. तू यावंस अशी भामाची इच्छा आहे.

जीवन डॉक्टर म्हणतात, गुंजीची कास भरायला लागली, पंधरा तारखेच्या आगेमागे विईल. येताना थर्मास घेऊन ये; वासरू पहिली काडी चघळेल त्या दिवशी डॉक्टरांना बोलावतो आणि त्यातून पाणी पाठवतो. तू बघायच्या आधी एक थेंब मी बघणार आहे.

मामा

ता. क. (हे भामामामी लिवते.) रविवारी सकाळच्याच गाडीनं ये. यांची दुर्बीण मी बी बघितली. ते हलतं ते काय व्हतं ते मला नीट उमजलं न्हाई, पण लई लगबग व्हती. येताना हिरव्या बांगड्या आण, दीपमालेचा हात बारीक झालाय म्हणं, त्या मापाच्या.